खड्डेच बरे होते!

परवा शनिवारी सकाळी अस्मादिक गॅलरीत चहाचा कप घेऊन सेकंद मोजत बसले होते. बायको म्हणाली, "आठवडाभर ऑफिसात बग्ज मोजतोस, निदान विकांताला तरी गप बस." तिचं बरोबर आहे. पण काय करणार, खाज!

झालं असं की आमच्या बिल्डिंगसमोर रस्त्यावर विजेचे दोन खांब आहेत. टेप लावून मोजलं तर मधलं अंतर ३० मीटर भरतं. ताशी ३० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीला हे अंतर कापायला ३.६ सेकंद लागतात. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो होतो. बहुतेक गाड्या दोन-सव्वादोन सेकंदांतच पलीकडच्या खांबापाशी पोचत होत्या. दोन सेकंद म्हणजे ताशी ५४ किमी. मंडळी, ही हायवेची गोष्ट नाही. ही पुण्यातल्या एका साध्यासुध्या रहिवासी रस्त्याची गोष्ट आहे, जिथे एका बाजूला बालवाडी आहे, दुसऱ्या बाजूला दत्ताचं देऊळ, आणि मध्ये किराणा दुकान, इस्त्रीवाला आणि वडापावची गाडी.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा रस्ता भयंकर होता. भयंकर म्हणजे अगदी पेपरात फोटो छापण्याच्या लायकीचा. किराणा दुकानासमोर एक ऐतिहासिक खड्डा होता, त्यात पावसाळ्यात पोरं कागदाच्या होड्या सोडायची. पुढे ड्रेनेजचं झाकण रस्त्याच्या वर चार बोटं आलेलं. त्याच्या पुढे केबलसाठी खणलेला आणि मग कसाबसा बुजवलेला आडवा पट्टा. पाठीचा मणका हलायचा. आम्ही सगळे रोज शिव्या घालायचो, मी सगळ्यात जास्त.

मग एक दिवस रस्ता कॉंक्रीटचा झाला. गुळगुळीत, सपाट, कडेपर्यंत. फ्लेक्स लागले, पेढे वाटले गेले, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मीही दोन टाळ्या टाकल्या होत्या. फूटपाथ? तो तेव्हा "नंतर करू" या सदरात गेला आणि आजतागायत तिथेच आहे.

कॉंक्रीट झाल्यानंतर चौथ्या महिन्यात माझ्या आजीला स्कूटरने उडवलं.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रोज संध्याकाळी साडेसहाला ती रस्ता ओलांडून देवळात जायची. गेली तीस वर्षं जायची. खड्ड्यांच्या काळात ती कशी ओलांडायची ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे: हात थोडा पुढे करायचा, गाडीवाल्याकडे बघायचं आणि सरळ चालू पडायचं. गाडी आपोआप थांबायची, कारण गाडी मुळात पंधराच्या वेगाने हेलकावे खात येत असायची. त्या दिवशीही तिने हात पुढे केला. इलेक्ट्रिक स्कूटर, त्यामुळे आवाज नाही. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सळई बसली. आता ती वॉकर घेऊन हॉल ते स्वयंपाकघर अशी चालते आणि देवळातला दत्त मोबाईलवर बघते.

इथे खरं तर मी त्या स्कूटरवाल्याचा उद्धार करायला हवा. बेजबाबदार, माजलेली पिढी, बापाच्या पैशावर वगैरे वगैरे. अडचण अशी आहे की तो मुलगा तसा नव्हता. तो थांबला. रिक्षा त्याने आणली, हॉस्पिटलात आमच्याबरोबर रात्री अकरापर्यंत तो बसून होता, रडत होता. पाठीवर कंपनीची सॅक, गळ्यात आयडी कार्ड. सातला क्लायंट कॉल होता म्हणून घरी लवकर पोचायचं होतं. पिऊन नव्हता, मोबाईलवर बोलत नव्हता, डोक्यावर हेल्मेट होतं. थोडक्यात काय, तर तो म्हणजे मीच होतो, दोन-तीन वर्षांनी लहान.

आणि "तो म्हणजे मीच" हे मी उगाच साहित्यिक होऊन म्हणत नाहीये. रोज ऑफिसला जाताना मोबाईलमधली ती बाई मला मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला एका वसाहतीतून नेते. छान झाडीचा, मोकळा, सरळसोट रस्ता आहे. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा तिथे स्पीडोमीटरकडे बघितलं. काटा बावन्नवर होता. मला तो वेग जाणवतही नव्हता! तिथेही एक आजोबा रोज हात पुढे करून उभे असतात. मी गेले वर्षभर त्यांना फक्त एक अडथळा म्हणून ओळखत होतो.

तर सांगायचा मुद्दा हा की, वेग ही चालवणाऱ्याच्या संस्कारांची गोष्ट नाही, रस्त्याच्या आकाराची आहे. रस्ता रुंद असेल, सरळ असेल, गुळगुळीत असेल, शेवटपर्यंत दिसत असेल, तर उजवं मनगट (किंवा उजवा पाय) आपोआप पिळलं जातं. कुणी ठरवून करत नाही.

यावर ताबडतोब येणारं उत्तर मला पाठ आहे: "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच सटकतं. कारण ते खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा आपण सगळेच आयटीवाले रोज सकाळी बघतो. हिंजवडीच्या चौकात जो राँग साईडने घुसतो, हॉर्न वाजवून कान किटवतो, तोच इसम दोनशे मीटरवरच्या कंपनीच्या गेटातून आत गेला की साधू होतो. वीसने चालवतो. झेब्रापाशी थांबतो, कॅंटीनच्या मावशींना हात करून "जा" म्हणतो. माणूस तोच, गाडी तीच, मध्ये फक्त एक गेट. त्या पाच सेकंदांत त्याच्यावर कुठले संस्कार झाले?

संस्कार नाही झाले, रस्ता बदलला. आतला रस्ता अरुंद आहे, प्रत्येक क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला उचलून घेतलेलं आहे, वळणं काटकोनात आहेत त्यामुळे वळताना वेग तोडावाच लागतो, आणि पुढे काय आहे ते पन्नास मीटरच्या पलीकडे दिसत नाही. वर सिक्युरिटीवाला नंबर लिहून घेतो, हेही आहेच. पण माझं निरीक्षण असं की सिक्युरिटीवाला चहाला गेला तरी लोक वीसनेच जातात. टेबलासारखं क्रॉसिंग चहाला जात नाही ना! तेव्हा पुणेकर, मराठी माणूस, भारतीय मानसिकता वगैरे विषय कृपया गणपतीच्या व्याख्यानमालेसाठी राखून ठेवावेत. (ह. घ्या.)

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. आपल्यातलेच, आपल्याच वयाचे. त्यानंतर आपण महिनोन्‌महिने गाडी चालवणाऱ्या मुलाच्या वयावर, त्याच्या घरच्यांच्या पैशावर, तीनशे शब्दांच्या निबंधावर आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपांवर बोललो. बोलायलाच हवं होतं, मीही तावातावाने बोललो. पण वस्तीच्या मधल्या रस्त्यावर एखाद्याला एवढा वेग मुळात घेता कसा येतो, यावर कुणाशी वाद घातल्याचं मला आठवत नाही. एक खलनायक मिळाला की आपलं काम संपतं. आमच्या आजीच्या वेळेला खलनायक मिळालाच नाही, म्हणून नाइलाजाने मला रस्त्याकडे बघावं लागलं.

आता थोडं बारावीचं फिजिक्स. घाबरू नका, क्लास लावावा लागणार नाही.

समजा तुमच्या पुढे १४ मीटरवर एक पोर चेंडूमागे रस्त्यात धावलं. १४ मीटर म्हणजे साधारण तीन मोटारींची लांबी. तुम्हाला ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, हे तुम्ही कितीही तरबेज असलात तरी जवळपास तसंच. ताशी ३० ने चालला असाल तर त्या एका सेकंदात गाडी ८ मीटर आणि थोडी पुढे जाते, मग ब्रेक लागतात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तर अजून ५ मीटरमध्ये गाडी थांबते. एकूण १३. पोर घाबरतं, तुम्ही दोन शिव्या घालता, विषय संपतो. आता हेच ५० ने. पहिल्या सेकंदातच गाडी १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पाय ब्रेकवर पडतो त्याच क्षणी धडक बसते, आणि ती पूर्ण पन्नासच्या वेगाने. त्याच जागी तिसाची गाडी एक मीटर अलीकडे उभी असते!

मला हे गणित आधी माहीत नव्हतं असं नाही. वेग वाढला की ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते हे आपण सगळेच घोकून पास झालोय. पण "वर्गाच्या प्रमाणात" म्हणजे काय ते घरात वॉकर आल्याशिवाय कळत नाही. ५० च्या वेगातली ऊर्जा ३० च्या जवळजवळ पावणेतीन पट असते. हीच गोष्ट उंचीच्या भाषेत सांगायची तर ३० च्या वेगाने आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं, साधारण पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून. ५० ने आदळणं म्हणजे दहा मीटरला थोडं कमी, तिसरा मजला. पहिल्या मजल्यावरून पडलेली माणसं बऱ्याचदा हाडं मोडून घेऊन का होईना, पण घरी येतात.

आणि एवढं सगळं कशासाठी? आमचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा किलोमीटर आहे. तो ५० ने पार करायला ३६ सेकंद लागतात. ३० ने एक मिनिट. फरक चोवीस सेकंदांचा. आणि ते चोवीस सेकंद वाचवून माणूस पुढच्या सिग्नलला दीड मिनिट उभा राहतो, हेही मी गॅलरीतून रोज बघतो. आजीचा खुबा चोवीस सेकंदांसाठी गेला, जे त्या पोराला मिळालेही नाहीत.

देशाचे आकडे बघायचे तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला नव्वद. आमची आजी यात नाही, ती नशिबाने फक्त जखमींत.

बरं, कागदावर आपण मागे आहोत म्हणाल तर तसंही नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केलेलं आहे. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद फूटपाथ त्याच सुमाराचे, आणि तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं बाकांवर बसलेली दिसतात, पोरं खेळताना दिसतात, हे मान्य करायलाच हवं. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन होतो, तेव्हा आपण जाऊन सेल्फी काढतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. सगळं आहे. फक्त ते मोठ्या रस्त्यांवर आणि मोठ्या कागदांवर आहे. माणूस राहतो गल्लीत.

गल्लीत आपण काय करतो? स्पीडब्रेकर टाकतो. आणि तोही कसा टाकतो, ते ऐका.

आजीच्या प्रकारानंतर सोसायटीत मीटिंग झाली. एकमताने ठराव झाला, जे आमच्या सोसायटीत सहसा गणपतीच्या वर्गणीबाबतही होत नाही. वर्गणी काढून, ओळखीच्या एका कॉंट्रॅक्टरला धरून एका रात्रीत गेटसमोर गतिरोधक तयार झाला. म्हणजे डांबराची एक आडवी उशी, फूटभर रुंद आणि चांगली वीतभर उंच. ना रंग, ना पाटी. पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या पावसात एक बाई मोपेडवरून पडल्या. चौथ्या मजल्यावरच्या काकांची नवी कोरी सेडान पोटाला घासली. रिक्षावाले यायला नाही म्हणू लागले. पोरांनी कडेला फूटभर जागा शोधून काढली आणि दुचाकी तिथून, म्हणजे नेमक्या जिथून माणसं चालतात तिथून, तेवढ्याच वेगाने जाऊ लागल्या. महिन्याभरात तो गतिरोधक ज्यांनी टाकला त्यांनीच घण घालून फोडला. आता तिथे फक्त एक काळा डाग आहे, आणि "बघितलंस ना, आपल्याकडे हे चालत नाही" हे वाक्य.

ह्यात सगळ्यात चीड आणणारा भाग असा की गतिरोधक कसा बांधायचा हे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच लिहून ठेवलेलं आहे. मी जन्मायच्या आधी! लांबी ३.७ मीटर, उंची फक्त १० सेंटिमीटर, वरचा आकार १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. ३.७ मीटर, म्हणजे जवळजवळ एका छोट्या मोटारीएवढा लांब. त्यावरून गाडी आदळत नाही, लाटेवरच्या होडीसारखी वर चढून खाली उतरते. पंचविसाच्या आसपास जाल तर चहाही सांडणार नाही, पन्नासने जाल तर डोकं टपाला लागेल. म्हणजे हा नियम तोडणाऱ्यालाच शिक्षा करतो, पाळणाऱ्याला नाही. आमची डांबरी उशी बरोबर उलटं करायची. तिच्यावरून हळू जाणाऱ्याचा मणका मोडायचा आणि भरधाव एसयूव्हीला फारसा फरकच पडायचा नाही. कोडमध्ये असं केलं असतं तर रिव्ह्यूमध्येच परत आलं असतं.

"पण रुग्णवाहिकेचं काय?" हा प्रश्न मीटिंगमध्ये आलाच. तो नेहमी येतो, आणि गंमत म्हणजे जे काका तो विचारतात तेच फाटकासमोर तिरकी गाडी लावून अख्खा रस्ता अडवतात. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. सलग उंचवट्याऐवजी मध्ये फटी ठेवून उशांसारखे तुकडे बसवायचे. रुग्णवाहिकेची किंवा बंबाची चाकं जास्त अंतरावर असतात, ती तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. मोटारीचं एक तरी चाक वर चढतंच. दुचाक्या फटीतून जातील, हेही खरं. म्हणून तर नुसत्या गतिरोधकावर भागत नाही, रस्ताच बदलायला लागतो.

त्यासाठी फार पैसा लागतो असंही नाही. आमच्याकडे पी-१, पी-२ आहे. सम तारखेला एका बाजूला पार्किंग, विषम तारखेला दुसऱ्या. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने या पाटीखाली उभं राहून "आज तारीख काय रे?" असं विचारलेलं आहे. त्यातून काय होतं, तर एक अख्खी बाजू शेवटपर्यंत मोकळी राहते, म्हणजे सरळसोट धावपट्टी. त्याऐवजी पहिल्या चाळीस मीटरला डावीकडे पार्किंग, पुढच्या चाळीसला उजवीकडे, असे पट्टे मारले तर तोच रस्ता नागमोडी होतो. गाड्या तेवढ्याच लागतात, रस्त्याची रुंदी तेवढीच, खर्च रंगाचा आणि चार कुंड्यांचा. नागमोडी रस्त्यावर पन्नासने जाऊन दाखवा बरं. शिवाय दोन्ही टोकांना जिथे आमची गल्ली मुख्य रस्त्याला मिळते, तिथे फूटपाथ तोडून गाड्यांना वाट देण्याऐवजी फूटपाथच सलग ठेवायचा आणि गाडीने त्यावर चढून आत यायचं. म्हणजे आत येणाऱ्याला चाकाखाली कळतं की आपण दुसऱ्याच्या अंगणात शिरतोय. आणि खरा जालीम उपाय, जो ऐकून मीटिंगमध्ये तीन जण उठून गेले: रस्त्याच्या मध्यावर दोन-चार दगडी खांब रोवून आरपार जाणंच बंद. दोन्ही टोकांकडून आत येता येईल, पायी आणि सायकलने आरपार जाता येईल, पण गाडीने "शॉर्टकट" नाही. बार्सिलोनाने पोब्लेनोऊ भागात २०१६ मध्ये चक्क नऊ-नऊ चौकांचे ठोकळे करून हेच केलं. त्यांच्याकडेही लोकांनी आरडाओरडा केला, दुकानदारांनी केला.

हो, तिकडेही! परदेशातली माणसं जन्मतःच शहाणी असतात हा आपला एक गोड गैरसमज आहे. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किमी, हीच सर्वसाधारण मर्यादा केली तर त्याविरुद्ध साडेचार लाखांवर सह्या झाल्या. आणि ज्या हॉलंडचे सायकलींचे फोटो आपण ऑनसाईटला गेलो की घरी पाठवतो, तिथे १९७१ साली सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर मेली होती, आणि त्यात चारशेच्या वर मुलं होती. डच लोक तेव्हा आपल्यासारखेच चौक मोठे करत होते, गावातले रस्ते रुंद करत होते. मग पालक रस्त्यावर उतरले. चळवळीचं नाव होतं "पोरांचे खून थांबवा". इतकं थेट. "रस्ता सुरक्षा सप्ताह" नाही, "वाहने सावकाश हाका" नाही. डेल्फ्टमध्ये रहिवाशांनी घरासमोरच्या रस्त्यावर झाडं, बाक, वळणं आणून त्याचं अंगण केलं, आणि १९७६ मध्ये सरकारला अशा रस्त्यांसाठी कायदा करावा लागला. तिथे गाडी ही पाहुणी असते आणि तिने पायी माणसाच्या वेगाने चालायचं असतं. म्हणजे आमच्या आजीच्या वेगाने. हेलसिंकी शहरात २०१९ मध्ये अख्ख्या वर्षात पायी चालणारं एकही माणूस गाडीखाली मेलं नाही. तिथे बहुतेक रहिवासी रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ७० आणि दुचाकीला ६० दिले होते. राज्यांना ते कमी करण्याची मुभा असते हे खरं, पण मूळ आकडा बघून घ्या!

डोनल्ड ॲपलयार्ड नावाच्या प्राध्यापकाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. रस्ते एकसारखे, घरं एकसारखी, फरक फक्त गाड्यांचा. एकावरून दिवसाला दोन हजार गाड्या, एकावरून सोळा हजार, आणि एक मधला. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. त्याचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीने त्याचा जीव घेतला.

तीन मित्र आणि ०.९ मित्र. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा रस्ता आठवला. देवळाच्या कट्ट्यावर आजीचा सहा-सात बायकांचा ग्रुप होता. त्यातल्या चौघी रस्त्याच्या आमच्या बाजूच्या. आजी पडल्यावर बाकी तिघींच्या घरच्यांनी "तुम्ही पण जाऊ नका आता" असं सांगून टाकलं. कट्टा मोडला. रस्त्यावर विटांचे स्टंप लावून क्रिकेट खेळणारी पोरं आता गेटच्या आत, पार्किंगमध्ये, "काच फुटेल" या धमकीखाली खेळतात. कुणी मेलं नाही, त्यामुळे हे कुठल्याच अहवालात येणार नाही. उलट रस्त्यावर कुणी चालतच नसल्यामुळे कागदोपत्री तो आता जास्त सुरक्षित दिसेल.

आणि ह्यात मी कुठे आहे? मी त्याच गॅलरीत बसून मोबाईलवरून कोथिंबीर मागवतो. खाली उतरून शंभर पावलांवर भाजीवाली आहे. पण ॲपवर काही मिनिटांत येते, आणि ती आणणारा पोरगा त्या काही मिनिटांसाठी माझ्याच रस्त्यावरून माझ्याच खांबांमधून दोन सेकंदांत जातो. मी त्यालाही स्टॉपवॉच लावलं होतं. मग बंद केलं. असो.

गेल्या रविवारी मात्र मी एक उद्योग केला. पहाटे पाचला उठून आमच्या गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, चार किलो पांढरी रांगोळी पसरली. वॉचमनला वाटलं घरात काहीतरी शुभकार्य आहे. साडेनऊपर्यंत गाड्या येत-जात राहिल्या आणि रांगोळीवर त्यांच्या चाकांच्या वाटा उमटल्या. वरून, टेरेसवरून, फोटो काढला. वळणाच्या दोन्ही बाजूंना मोठाले पांढरे त्रिकोण तसेच्या तसे शिल्लक होते, एकही चाक त्यावरून गेलेलं नव्हतं. म्हणजे तेवढा रस्ता गाड्यांना लागतच नाही. शाळेची बस आणि कचऱ्याचा ट्रकसुद्धा तिथून गेले नव्हते. तो भाग फक्त वळण मोकळं वाटावं आणि वेग न तोडता वळता यावं एवढ्यासाठी आहे. तिथे फूटपाथ बाहेर काढला तर आजीला ओलांडायचं अंतर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी होतं.

फोटोवर मापं टाकली, ३.७ मीटरच्या गतिरोधकाचा आणि उंच क्रॉसिंगचा आराखडा जोडला, पार्किंगच्या पट्ट्यांचा नकाशा काढला, आणि अर्ज लिहून बिल्डिंगमध्ये सह्यांसाठी फिरवला. बावीस फ्लॅटपैकी अकरांनी सही केली. सेडानवाल्या काकांनी आधी विचारलं, "माझं पार्किंग जाणार का?" मी म्हटलं, "काका, जागा नाही जाणार, बाजू बदलेल." म्हणाले, विचार करून सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सही केली पण दगडी खांबांचा मुद्दा खोडायला लावला, त्यांच्या मुलाला स्टेशनला जायला लांब पडेल म्हणून. खोडला. तो पुढच्या अर्जात घालेन.

त्या स्कूटरवाल्या मुलालाही फोन केला. तो आमच्या भागात राहत नाही, त्यामुळे त्याच्या सहीला अर्थ नाही, पण तो येतो म्हणाला. सोमवारी अर्धा दिवस सुट्टी टाकली आहे. अर्ज नेऊन देणार, पोच घेणार. वॉकरला ढकलत आजी म्हणाली, मला पण घेऊन चल. रिक्षा सांगितली आहे.